न घडलेल्या गुन्ह्याची केस
(प्रस्तावना)

'चॅप्टर केस' झालेली माणसं यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव आहेत. धुऱ्यावरून भावाभावांत जुंपली, चॅप्टर केस. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन पॅनल समोरासमोर आली, दोन्हीकडच्या पोरांवर चॅप्टर केस. गणपती-दुर्गोत्सवाच्या तोंडावर ठाण्याच्या यादीत नाव निघालं, चॅप्टर केस. पण आपल्यावर नेमकी कशाची केस झाली, असं त्या माणसाला विचारलं की उत्तरं भलतीच वेगवेगळी येतात. कोणी म्हणतो, तहसीलदारानं जामीन दिला. कोणी म्हणतो, बॉण्डवर सही करून सुटलो. एखादा खालच्या आवाजात सांगतो की शिक्षा झाली. दुसरा हात झटकतो, काही नाही, नुसता कागद आहे. यातलं एकही उत्तर पूर्ण बरोबर नाही. आणि त्या कागदाचा अर्थ न कळल्यामुळे कोणी विनाकारण घाबरतो, तर कोणी नको तितका निर्धास्त राहतो. हे पुस्तक त्या एका कागदाबद्दल आहे.

आधी विषयाची ओळख. फौजदारी कायदा एरवी घडून गेलेल्या गोष्टीचा हिशेब मागतो. चॅप्टर केसमध्ये अजून काही घडलेलंच नसतं. अमुक माणसाकडून शांतताभंग होण्याचा संभव आहे, अशी माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे येते. ती पुरेशी वाटली, तर 'ठराविक मुदतीत मी शांतता राखीन' असं बंधपत्र तुझ्याकडून का घेऊ नये, अशी विचारणा तो त्या माणसाला करतो. बंधपत्रात रक्कम लिहिलेली असते आणि कधी जामीनदारही लागतो. वचन मोडलं तर रक्कम सरकारजमा होऊ शकते, शिवाय तुरुंगाचीही वेळ येऊ शकते. वचन पाळलं, तर मुदत संपताच बंधपत्र संपलं. हा जामीन नव्हे, कारण आरोपच ठेवलेला नसतो. ही शिक्षाही नव्हे, कारण गुन्हा शाबीत झालेला नसतो. आणि नुसता कागदही नव्हे, कारण त्यामागे तुरुंगाचं दार उभं असतं.

१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या नवव्या प्रकरणात आहे. शांतता राखण्याच्या बंधपत्रासाठी कलम १२६, त्याची मुदत जास्तीत जास्त १ वर्ष. सराईत गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्यासाठी कलम १२९, तिथं मुदत ३ वर्षांपर्यंत. एखाद्याला ठराविक गुन्ह्यांत शिक्षा देतानाच न्यायालय असं बंधपत्र मागू शकतं, ते कलम १२५. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे सगळं आठव्या प्रकरणात, म्हणजे आठव्या 'चॅप्टर'मध्ये होतं. तिथले आकडे १०७, ११० आणि १०६. पंढरकवड्यापासून उमरखेडपर्यंत पक्षकार, पोलीस आणि वकील बोलताना अजून 'एकशे सात' आणि 'एकशे दहा'च म्हणतात. म्हणून या पुस्तकात नव्या कलमासोबत गरजेप्रमाणे जुना आकडाही दिला आहे.

न घडलेल्या गोष्टीसाठी माणसाला बांधून ठेवण्याची सत्ता ही मोठी सत्ता आहे. ती देताना कायद्यानं तिची किंमत वसूल केली आहे. ती किंमत म्हणजे लेखी कारणं आणि चौकशी. या पुस्तकाचं सगळं म्हणणं एवढ्यातच सामावलेलं आहे: कारणं लिहिली आणि चौकशी झाली, तर बंधपत्र गावाला उपयोगी पडतं. ती पायरी गाळली, तर उरते ती नुसती मानहानी.

पायऱ्या पाहू. कलम १३० सांगतं की दंडाधिकाऱ्यानं लेखी आदेश काढावा. मिळालेल्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत आणि जामीनदार हवे असल्यास किती, हे त्यात आलं पाहिजे. 'तुम्ही भांडखोर आहात' एवढं लिहून हा सारांश होत नाही. कधी, कुठं, कोणाशी काय झालं आणि आता काय होण्याची भीती आहे, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. तेवढं कळल्याशिवाय तो उत्तर कशाचं देणार? माणूस समोर हजर असेल तर कलम १३१ प्रमाणे हा आदेश त्याला वाचून दाखवायचा आणि त्याची इच्छा असेल तर आशय समजावून सांगायचा. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागांत घरात कोलामी किंवा गोंडी बोलली जाते. पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या तांड्यांवर गोरमाटी. दफ्तरी मराठीतला आदेश घाईघाईत वाचून टाकला, म्हणजे तो समजला असं या जिल्ह्यात तरी गृहीत धरता येत नाही. समजावून मागण्याचा हक्क कायद्यानंच दिलेला आहे.

पुढे कलम १३५ ची चौकशी. माहिती खरी आहे का, हे पुरावा घेऊन तपासायचं. पद्धत शक्यतो समन्स खटल्यासारखी, म्हणजे साक्षीदार येतील, त्यांना उलट प्रश्न विचारता येतील, समोरच्याला आपले साक्षीदार आणता येतील. सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत चौकशी संपली नाही, तर दंडाधिकाऱ्यानं खास कारणं लिहून वेगळं ठरवलं नसेल तेव्हा ती आपोआप संपुष्टात येते. चौकशीअंती गरज दिसली तरच कलम १३६ चा अंतिम आदेश; नाही दिसली तर कलम १३७ प्रमाणे माणूस मोकळा. रक्कम परिस्थितीला धरून असावी, अवाजवी नसावी, हेही कायद्याचंच वाक्य आहे. दोन एकर कोरडवाहू कापसावर जगणाऱ्याला न पेलणारी रक्कम सांगणं म्हणजे बंधपत्राच्या नावाखाली तुरुंगाची वाट दाखवणं. कारण मागितलेली हमी दिली नाही, तर कलम १४१ प्रमाणे मुदत संपेपर्यंत किंवा हमी देईपर्यंत कैद होऊ शकते.

आता ठाण्याच्या बाजूनं पाहू. गावात हाणामारीची पाळी येते, एक जण ठाण्यात जातो, तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदली जाते. त्यात पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. पण प्रकरण उद्या चिघळेल अशी धास्ती मात्र त्यांना असते. मग इस्तगासा, म्हणजे दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा पोलिसांचा लेखी अहवाल, तयार होतो आणि तालुका दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे तहसीलदारापुढे जातो. तातडी वाटली तर कलम १७०, जुनं १५१, वापरून थेट अटक होते. या अटकेला दोन अटी आहेत: दखलपात्र गुन्हा करण्याचा त्या माणसाचा बेत पोलिसांना कळलेला असला पाहिजे आणि अटकेशिवाय तो टाळणं शक्य नाही असं दिसलं पाहिजे. दुसऱ्या कुठल्या कलमाखाली गरज नसेल, तर २४ तासांपलीकडे ठेवता येत नाही. व्यवहारात या सगळ्या पायऱ्या एका दिवसात उरकल्या जातात. सकाळी उचललं, दुपारी तहसीलमध्ये उभं केलं, छापील नमुन्यात नाव भरलं, 'सही कर अन् जा' म्हटलं. माणूसही घरी जायला मिळतंय म्हणून सही करतो. चौकशी सुरूच झालेली नसते आणि तिच्या अखेरीस जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं.

हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तो एका मराठी माणसामुळे. मधु लिमये पुण्याचे. गोव्याच्या मुक्तिलढ्यात पोर्तुगीजांचा तुरुंग त्यांनी भोगलेला, पुढे बिहारातल्या मुंगेरहून लोकसभेवर निवडून गेलेले. मुंगेरच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यानं त्यांच्यावर चालवलेल्या प्रकरणात कलम १०७ आणि जमावबंदीचं कलम १४४ घटनेला धरून आहेत का, हा मुद्दा उभा राहिला आणि १९७० साली ७ न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांचं. कलमं वैध ठरली; पण त्यांच्याभोवती कुंपणही घातलं गेलं. चौकशी चालू असताना तातडीपोटी अंतरिम बंधपत्र मागता येतं, मात्र त्यासाठी चौकशी खरोखर सुरू झालेली असली पाहिजे, असं न्यायालयानं बजावलं. चौकशी नुसती पुढं ढकलायची आणि दरम्यान बंधपत्र मागायचं किंवा ते नाही म्हणून कोठडीत ठेवायचं, ही वाट बंद झाली. निदान कागदावर. हे हिदायतुल्ला १९५४ ते १९५६ नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. यवतमाळ जिल्हा तेव्हा त्याच न्यायालयाच्या अखत्यारीत होता.

संहितेतल्या या 'चॅप्टर'चा राजकीय वापर लिमये खटल्याहून जुना आहे. १९१६ च्या मे-जून महिन्यांत लोकमान्य टिळकांनी बेळगावला आणि अहमदनगरला स्वराज्यावर भाषणं केली. २३ जुलैला पुण्यात त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीचा समारंभ चालू असतानाच सरकारची नोटीस आली. या वेळी सरकारनं राजद्रोहाचा खटला भरला नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०८ काढलं. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून २० हजारांचा स्वतःचा मुचलका आणि १०-१० हजारांचे दोन जामीनदार, असा आदेश पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यानं ऑगस्टमध्ये दिला. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांची बाजू बॅरिस्टर जीना यांनी मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो आदेश रद्द केला. सरकारचा डाव उघड होता. खटला भरायचा तर गुन्हा शाबीत करावा लागतो; हमी मागायची तर नुसत्या संभवावर भागतं आणि तरीही माणसाचं तोंड वर्षभर बंद होतं. ते कलम १०८ आज नव्या संहितेत १२७ क्रमांकानं आहे.

टिळकांच्या वऱ्हाडातल्या अनुयायांत अग्रणी होते ते याच जिल्ह्यातले. वणीला १८८० साली जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले माधव श्रीहरी तथा बापूजी अणे. १९३० च्या जुलैमध्ये पुसदला गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि अटक ओढवून घेतली. कायदा मोडायचा तो जाहीरपणे आणि त्याची शिक्षा भोगायची, ही त्यांची रीत. बंधपत्राच्या प्रकरणात नेमकं हेच घडत नाही: इथं कायदा मोडलेला नसतो आणि भोगणं मात्र सुरू झालेलं असतं. या जिल्ह्याला दोन्हींची ओळख आहे, म्हणून फरक सांगणं सोपं जातं.

कल्पनेचं मूळ इंग्रजी आहे. इंग्लंडमधला १३६१ चा एक कायदा शांतता-दंडाधिकाऱ्यांना अशी हमी घेण्याचा अधिकार देतो आणि तो तिथं अजून चालतो. कॅनडाच्या दंडसंहितेत कलम ८१० आहे. एखाद्याला दुसऱ्यापासून स्वतःला, आपल्या जोडीदाराला किंवा मुलांना इजा होईल अशी वाजवी भीती असेल, तर तो न्यायालयात जातो आणि बंधपत्र मागतो. तिथं ही तरतूद भ्यालेल्या माणसाचं हत्यार आहे. आपल्याकडे ती मुख्यतः बंदोबस्ताचं हत्यार झाली. वास्तविक आपल्या कलम १२६ मध्येही 'माहिती' पोलिसांकडूनच यावी असं कुठं लिहिलेलं नाही. धमक्या मिळणारा माणूस स्वतः अर्ज घेऊन कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या बाईसाठी आणखी एक वाट आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं कलम १९ न्यायदंडाधिकाऱ्याला निवासाचा आदेश देताना हिंसाचार न करण्याचं बंधपत्र नवऱ्याकडून घेण्याचा अधिकार देतं आणि तो आदेश याच चॅप्टरमधला समजला जातो. ही तरतूद फार थोड्या जणींपर्यंत पोचली आहे.

दंडाधिकारी कोण, याचाही विचार करू. नागपूर, अमरावतीसारख्या पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत ही सत्ता पोलीस अधिकाऱ्यांच्या हाती असते: यादी करणाऱ्याच खात्यानं बंधपत्रही घ्यायचं. यवतमाळला आयुक्तालय नाही. इथं इस्तगासा महसूल खात्याच्या टेबलावर येतो. ही या जिल्ह्याची जमेची बाजू आहे. ती फारशी वापरली मात्र जात नाही. गावातल्या भांडणांचं मूळ पुष्कळदा जमिनीत असतं. धुरा कोरला, पांदण अडवली, पाण्याची वाट बुजवली. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. धुऱ्यावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. हे दोन्ही अर्ज तहसीलदारासमोरच चालतात. हद्दीचा वाद असेल तर भूमि अभिलेखची मोजणी आहे. म्हणजे भांडणाचं कारण मिटवणारा आणि भांडणार नाही असं वचन घेणारा अधिकारी एकच. दोन फायली मात्र दोन वेगळ्या कपाटांत राहतात. बंधपत्राची वर्षभराची मुदत संपते, धुरा होता तसाच असतो आणि पुढच्या पेरणीला काठ्या पुन्हा निघतात. बंधपत्र हात धरून ठेवतं, वाद सोडवत नाही. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनं गावपातळीवर तडजोडीची सवय लावण्याचा प्रयत्न केला. जिथं समिती खरोखर बसते तिथं चॅप्टर केसच्या आधीची ती पायरी ठरू शकते.

या कायद्याचं सगळ्यात जड ओझं कोणावर पडतं, हे टाळून पुढे जाता येणार नाही. संशयास्पदरीत्या लपून राहणाऱ्यांसाठीचं कलम १२८ आणि सराईतांसाठीचं कलम १२९ ही दोन कलमं माणसाच्या कृतीपेक्षा त्याच्या लौकिकाकडे बघतात. सराईतपणा शाबीत करायला सर्वसाधारण लौकिकाचा पुरावाही चालतो. आता फासेपारध्याच्या बेड्यावरच्या तरुणाचा 'लौकिक' कोण सांगणार? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मालाच गुन्हा ठरवलं. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला, नजर राहिली. १९८० साली गोपालनाचारी प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कलम ११० गरिबांवर कसं चालवलं जातं यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं विमुक्त जमातींकडे सराईत म्हणून पाहण्याच्या वृत्तीची दखल घेतली आणि त्यांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. ज्यांच्यावर ही कलमं चालतात त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत हे निकाल गेले असतील, याची कल्पना वाचकानं करावी.

बंधपत्राची सावली मुदतीनंतरही राहते. केंद्र सरकारच्या नोकरीत लागताना भरायच्या साक्षांकन नमुन्यात, अटक झाली होती का, शिक्षा झाली होती का, या प्रश्नांबरोबर बंधपत्र घेतलं गेलं होतं का हाही प्रश्न असतो. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारा मुलगा मिरवणुकीतल्या बाचाबाचीनंतर सही करून मोकळा होतो, आणि पुढे त्या रकान्यापाशी अडखळतो. बंधपत्र म्हणजे दोषसिद्धी नाही. तेव्हा खरं ते लिहावं. लपवणं हे मूळ गोष्टीपेक्षा महागात पडतं. जामीनदारानंही समजून घ्यावं की सातबारा जोडून आपण शेजाऱ्यावर उपकार करतो, तसाच त्याच्या रागाचा पैशातला भारही उचलतो. वचन मोडलं गेलं तर वसुलीची नोटीस आपल्या दारात येणार.

एवढं वाचून कोणाला वाटेल की ही कलमं काढूनच टाकावीत. मला तसं वाटत नाही. गावात ठिणगी पडलेली असते, दोन्हीकडे माणसं जमलेली असतात, कोणावरही गुन्हा दाखल होण्याजोगं अजून काही झालेलं नसतं. अशा वेळी एका अधिकाऱ्यानं दोघांना समोर बसवून लेखी वचन घेतलं, तर पुढचं रक्तही टळतं आणि खुनाचा खटलाही. हे घडतं, आणि ते घडवणारे तहसीलदार आणि ठाणेदार या जिल्ह्यात झाले आहेत. पण त्या वचनाला वजन येतं ते समोरच्याचं ऐकून घेतल्यामुळे. ज्याचं ऐकलंच नाही त्याची सही घरी पोचेपर्यंत विसरली जाते.

पुस्तकाची मांडणी या क्रमानं केली आहे. पहिल्या भागात कलमं सोप्या मराठीत आहेत. दुसऱ्यात इस्तगासा, कारणे दाखवा नोटीस, अंतरिम आणि अंतिम आदेश यांचे नमुने असून प्रत्येक ओळीचा अर्थ बाजूला दिला आहे. तिसरा भाग अर्जदारासाठी, चौथा ज्याच्यावर केस झाली त्याच्यासाठी. पाचव्यात सत्र न्यायालयातलं अपील, मोफत विधी सहाय्य आणि जमिनीच्या वादांसाठीचे वेगळे अर्ज आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतली माणसं आणि कोठडीतली व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी यवतमाळचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समिती गाठावी. हे पुस्तक वकिलाची जागा घेणार नाही. वकिलाशी बोलताना काय विचारायचं, तेवढं मात्र ते नक्की सांगेल.

ज्याला सगळं पुस्तक वाचायला वेळ नाही, त्यानं एवढं तरी लक्षात ठेवावं: सही करण्याआधी आदेशाची प्रत मागावी, त्यात आपल्याविरुद्धची माहिती लिहिली आहे का ते पाहावं, आणि चौकशीची तारीख विचारावी. यात उर्मटपणा काही नाही. लेखी कारण मागणारा पक्षकार समोर असला की इस्तगासा लिहिणारा हवालदारही जपून लिहितो आणि छापील नमुना भरणारा कारकूनही रिकाम्या जागांकडे बघतो. कायद्यानं मागितलेली किंमत चुकती होते की नाही, हे शेवटी ती मागणारा कोणी आहे की नाही यावर ठरतं.